शोभारॉक

प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकारावर एक आरोप गेली पन्नास वर्षे होत आला आहे, आणि तो करणाऱ्यांत शत्रूंइतकेच मित्रही आहेत. आरोप असा, की हे संगीत अवघडपणाचे प्रदर्शन मांडते. जिथे चार मात्रांत काम भागले असते तिथे हे लोक सात मात्रा मोजतात, आणि जिथे तीन मिनिटांचे गाणे पुरले असते तिथे तबकडीची अख्खी बाजू खर्ची घालतात. ‘येस’ या वाद्यवृंदाच्या १९७२ सालच्या ‘क्लोज टू द एज’ या तबकडीचे शीर्षकगीत अठरा मिनिटांहून मोठे आहे. त्याच वर्षी आलेली ‘जेथ्रो टल’ची ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ ही तबकडी म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकच गीत. अशा संगीताला ‘नुसती कसरत’ म्हणून हिणवणारी पिढी चार-पाच वर्षांतच आली, तीनच स्वरमेळांत गाणे उरकू लागली, आणि तिचेही काही खोटे नव्हते.

हा आरोप आम्हाला अनोळखी वाटत नाही, कारण आमच्या मुलुखातल्या गाण्यावरही तो झालेला आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे अनवट जोडराग ऐकून ‘हे गणित झाले, गाणे कुठे आहे?’ असे विचारणारे रसिक कोल्हापुरात पूर्वीही होते आणि आजही आहेत. प्रश्न रास्त आहे. संगीतातला अवघडपणा नेमका कशासाठी असतो? तो ऐकणाऱ्याला दिपवण्यासाठी असेल तर आरोप मान्य करावा लागेल. त्याचे आणखी काही काम असेल, तर ते काय, हे सांगता आले पाहिजे. पुढील लेखन हा ते सांगण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम ‘आम्ही’ म्हणजे कोण हे स्पष्ट करावयास हवे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पोटासाठी राबणारे आम्ही पाच जण. ‘पंचतारांकित’ या शब्दाने परगावच्या वाचकाने फसू नये. येथे तारांकित असे काही असेल तर ते महामंडळाने दिलेल्या सोयींचे वर्गीकरण. रुंद रस्ते, पाणी, वीज, मोठाले भूखंड. हॉटेल म्हणावे तर चहाचा गाडा आणि मिसळ. इंजिने, सूत, कापड आणि बिडाचे ओतकाम हा या परिसराचा व्यवसाय. आमच्यापैकी एक जण कापडाच्या गिरणीत, दोघे मशीन शॉपमध्ये, एक जण गुणवत्ता विभागात आणि सर्वांत वडील असलेले अण्णा एका फौंड्रीत फेटलिंगला. साप्ताहिक सुटी जुळली की पाचांपैकी कुणाच्या तरी घरी एक संपूर्ण तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची, मध्ये बोलायचे नाही, आणि नंतर चहाबरोबर बोलायचे, असा आमचा परिपाठ आहे. अण्णांनी तरुणपणी तबल्याची रीतसर तालीम घेतलेली. भजनी मंडळांत त्यांचा हात अजूनही नावाजला जातो. आमच्यातल्या चौघांना रॉकची आवड कॉलेजपासूनची. अण्णांना ती आमच्यामुळे लागली, किंवा असे म्हणू या की त्यांनी ती आमच्याकडून तपासून घेतली.

या तपासणीतली पहिली मोठी तबकडी अर्थातच ‘पिंक फ्लॉइड’ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’. मार्च १९७३मध्ये ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या पहिल्या दोनशे तबकड्यांच्या यादीत १९८८पर्यंत ती एकूण ७४१ आठवडे होती. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत १९७२-७३मध्ये ती ध्वनिमुद्रित झाली आणि अ‍ॅलन पार्सन्स हा तरुण तंत्रज्ञ तिच्या ध्वनिलेखनाला होता. हृदयाच्या ठोक्याने तिचा आरंभ होतो आणि हृदयाच्या ठोक्यानेच शेवट. मधल्या त्रेचाळीस मिनिटांत वेळ, पैसा, मृत्यू, भांडणे आणि वेड एवढे विषय येऊन जातात. विषय मोठे आहेत, पण त्यांवर लिहिलेले शब्द साधे आहेत, आणि वाजवणारे चौघे तर त्याहून साधे. त्या काळातल्या इतर वाद्यवृंदांत त्यांच्यापेक्षा वेगवान बोटे असलेले वादक डझनभर होते. निक मेसन ढोलांवर कधीही धावत नाही. रिचर्ड राइट कीबोर्डवर एक स्वरमेळ धरतो आणि तो विरेपर्यंत वाट पाहतो. ‘ब्रीद’मधला एक स्वरमेळ आपण माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरून घेतल्याचे त्याने स्वतःच सांगितले होते.

मग या तबकडीत अवघड काय आहे? अण्णांना ते ‘मनी’ या गीतात सापडले. गीताच्या आरंभी नाणी, फाटणारा कागद आणि दुकानातल्या गल्ल्याचे यंत्र यांचे आवाज तालात येतात. संगणक नव्हते तेव्हाची ही गोष्ट. रॉजर वॉटर्सने नाणी एका भांड्यात टाकून आवाज ध्वनिमुद्रित केले, मग प्रत्येक आवाजाचा टेपचा तुकडा मोजून कापला, सात तुकडे एकाला एक जोडले आणि त्यांचे कडे करून ते यंत्रावर फिरवले. आमच्यातल्या मशीन शॉपवाल्यांना ही कृती ऐकताक्षणी भावली, कारण ती त्यांच्याच पेशातली. टेपचा वेग ठरलेला असला की लांबी म्हणजेच वेळ. सेकंदाला पंधरा इंच धावणाऱ्या टेपवर अर्धा सेकंद म्हणजे साडेसात इंच. तुकडा कापताना थोडी जरी चूक झाली तरी ती कड्याच्या प्रत्येक फेऱ्यात परत येणार. म्हणजे त्या गाण्याची लय आधी मोजपट्टीवर आखली गेली आणि नंतर वाद्यांवर आली.

आमच्यातल्या एकाने मोठ्या कौतुकाने अण्णांना सांगितले की, हे पाहा, रॉकमध्ये सात मात्रा! अण्णा हसले. “सात मात्रांचं काय कौतुक सांगतोस? रूपक आमच्या भजनात रोज वाजतोय.” मग त्यांनी मांडीवर तीन-दोन-दोनचा ठेका धरला आणि अर्ध्या मिनिटात थांबवला. बसेना. पुन्हा ऐकले, चार-तीन असा धरला, आणि तो बसला. “घर येगळं हाय,” ते म्हणाले. “खोल्या सातच, पर भिंती दुसरीकडं.” पुढे सॅक्सोफोन याच सात मात्रांत वाजतो, पण गिटारचा एकल भाग सुरू होताच ताल चार मात्रांवर येतो, आणि तो भाग संपला की पुन्हा सात. हा बदल ऐकणाऱ्यांपैकी शेकडा नव्वदांच्या ध्यानात येत नसावा. त्यांना एवढेच जाणवते की मघापासून काहीतरी लंगडत चालले होते ते आता धावू लागले. पैशाविषयीच्या गाण्याने लंगडत चालावे आणि गिटारने धाव घ्यावी, यात जो अर्थ आहे तो मात्रा न मोजणाऱ्यालाही पोहोचतो. येथे अवघडपणा लपलेला आहे, आणि लपून काम करतो आहे. सात मात्रा मोजता येणे हे वाजवणाऱ्याचे काम. ऐकणाऱ्याने ते ओझे उचलावे अशी अपेक्षा नाही.

येथवर आलो तेव्हा अण्णांनी एक वाक्य टाकले, ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. “आमच्या खाँसाहेबांचंबी ह्येच.” खाँसाहेब म्हणजे उस्ताद अल्लादियाखाँ. कोल्हापुरात हे नाव नुसते ‘खाँसाहेब’ म्हटले तरी पुरते.

कागलच्या मातीशी या नावाचा संबंध सरळ आहे. राजर्षी शाहू महाराज मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. १८७४चा त्यांचा जन्म, १८८४मध्ये दत्तक विधानाने ते करवीरच्या गादीवर आले आणि १८९४मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्यांच्याच पदरी अल्लादियाखाँ दरबारी गवई म्हणून राहिले. १८५५मध्ये राजस्थानातल्या उनियारा येथे जन्मलेला हा गवई महाराजांच्या १९२२मधील निधनापर्यंत कोल्हापुरात होता. नंतर ते मुंबईस गेले आणि १९४६मध्ये तेथेच निवर्तले. बसंती केदार, ललितागौरी यांसारखे जोडराग, आवर्तनातल्या प्रत्येक मात्रेला भिडत जाणारी मांडणी, मात्रेच्याही अंशांत वळणारी पेचदार तान, आणि एवढे सगळे करून समेवर असे येणे की जणू तेथे यायचे ठरवलेलेच नव्हते. ही त्या गायकीची ओळख. दोन रागांची गाठ घालणारा हा गवई श्रोत्याला ती गाठ दाखवीत बसत नाही. श्रोत्याला एकच रंग दिसतो, फक्त तो पूर्वी कधी पाहिलेला नसतो.

ही गायकी ज्या कारणाने घडली ते कारण मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. खाँसाहेबांचा आवाज तरुण वयातच अतिगायनाने बसला. पुढे तो परतला, पण पूर्वीची लवचीकता आणि गोडवा घेऊन परतला नाही. जाड, जड झालेल्या आवाजाला जे शक्य होते त्यातून त्यांनी नवी वाट काढली. आवाजाच्या मोहिनीवर भिस्त ठेवता येत नव्हती म्हणून बांधणी अधिक घट्ट, अधिक गुंतागुंतीची झाली. ज्याला आपण आज घराण्याचे सौंदर्य म्हणतो त्याच्या मुळाशी एका माणसाच्या गळ्याला झालेली इजा आहे. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत, आणि तेव्हा त्यातून सोयीस्कर दिलासा काढणार नाही आहोत.

अल्लादियाखाँच्या शिष्यांत मेनकाबाई शिरोडकर होत्या. त्यांची कन्या भानुमती हिचा जन्म १९२५मध्ये बेळगावात झाला. या मुलीला रीतसर तालीम मिळाली ती कोल्हापुरात, खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव उस्ताद भूर्जीखाँ यांच्याकडे. हीच पुढे शोभा गुर्टू. जयपूरची कडक शिस्त घेऊन ही बाई ठुमरी, दादरा, कजरी, होरी या मोकळ्या अंगणात उतरली आणि २००४मध्ये निधन होईपर्यंत त्या अंगणाची सम्राज्ञी म्हणून ओळखली गेली. तिच्या ठुमरीत भाव ओसंडतो, पण लय कुठेही सांडत नाही. ही शिस्त कुठून आली हे कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही.

शोभाताईंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू. १९५१मध्ये मुंबईत जन्मले, शाह अब्दुल करीम यांच्याकडे तबला शिकले, आणि तबल्याबरोबरच रॉक व जॅझच्या तबकड्यांनी झपाटले गेले. त्यांनी सांगितलेली एक हकीकत आम्हाला या संपूर्ण विषयाची किल्ली वाटते. पाश्चात्त्य तबकड्या ऐकून ते वाजवायला शिकले तेव्हा त्यांना हे माहीत नव्हते, की स्टुडिओत एकाच टेपवर एकावर एक असे वेगवेगळे थर चढवता येतात. जे ऐकू येते ते सगळे कुणीतरी एकाच वेळी वाजवीत आहे असे समजून ते सगळेच शिकत गेले. इतर कुणी ज्याच्या वाटेलाही गेले नसते असे अनेक पदरी वादन त्यांच्या अंगवळणी पडले ते यामुळे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून ‘डार्क साइड’ आठवावी. ती तबकडी म्हणजे थरांच्या कलेची परमावधी. सोळा ट्रॅकच्या यंत्रावर चार माणसांनी महिनोन्महिने एकावर एक आवाज रचले. ‘टाइम’च्या आरंभी वाजणारी घड्याळे पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती. अशा युगात मुंबईतला एक मुलगा ते थर एकाच माणसाचे समजून ऐकतो आणि तो एक माणूस आपण व्हायचे ठरवतो! यंत्राने जे साधले ते त्याने देहाने साधले. म्हणूनच त्रिलोक यांची बैठक निराळी आहे. खुर्चीवर बसून पायाने मोठा ढोल हाणण्याऐवजी ते जमिनीजवळ गुडघ्यावर बसतात. तबला, ढोल, झांजा, घंटा सगळे हाताच्या टप्प्यात, आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली. वाजती झांज किंवा शंखशिंपल्यांची माळ त्या पाण्यात बुडवली की सूर वाकतो, खाली घसरतो. आणि तोंडाने बोल चाललेलेच असतात.

१९८८मध्ये ‘सीएमपी’ या जर्मन कंपनीने त्यांची ‘उस्फ्रेट’ ही तबकडी काढली. त्यांच्या नावावरची ही पहिलीच. साथीला मंडळी पाहावी: व्हायोलिनवर ‘शक्ती’मधले एल. शंकर, ट्रम्पेटवर ऑर्नेट कोलमनचा जुना सोबती डॉन चेरी, गिटारवर ‘ऑरेगन’चा राल्फ टाउनर, बासवर स्वीडनचा योनास हेलबोर्ग, पियानोवर फ्रान्सचा डॅनिएल गोयोन. आणि गायला आई. त्यातल्या एका रचनेचे नावच ‘शोभारॉक’.

काटेकोर वर्गीकरण करणारे म्हणतील की हे प्रोग्रेसिव्ह रॉक नव्हे, जॅझ फ्यूजन. असेल. आम्हाला त्या भिंतीत स्वारस्य नाही. रॉकच्या ठोक्यावर लांब पल्ल्याची रचना, विषम मात्रांची ओढ, प्रत्येक वादक स्वतंत्र आणि तरी कुणी सुटलेला नाही, ही लक्षणे ज्या घराण्याची आहेत त्या घराण्याचीच ही तबकडी आहे. आणि तिच्यात एक गोष्ट अशी आहे जी इंग्लंडमधल्या कोणत्याही तबकडीत असू शकत नव्हती. तेथे विषम मात्रा हा एक शोध होता. लोक त्या शिकून आले, आणि शिकल्याचा आनंद त्यांच्या वाजवण्यात कधीकधी जरा जास्तच दिसतो. येथे विषम मात्रा ही घरातली बोली आहे. आई स्वयंपाकघरातून हाक मारते तितक्या सहजपणे ती येते. मुलगा ढोलांवर आणि झांजांवर कितीही गुंतागुंत करो, शोभाताईंचा स्वर त्यावर कुठेही अवघडून उभा नाही. ती दाद मागत नाही आणि कुणाला घाबरतही नाही. तिला सम कुठे आहे ते माहीत आहे, एवढेच.

तबकडीत उणे नाही असे नव्हे. त्या दशकातल्या कीबोर्डची चकाकी आज जरा शिळी वाटते. पाहुणे इतके थोर आहेत की काही ठिकाणी प्रत्येकाला पान वाढण्यातच पंगत संपते. आणि आईचा आवाज आणखी हवा होता, ही चुटपुट तर प्रत्येक वेळी उरते. ज्याला ‘डार्क साइड’सारखा पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत एकच धागा हवा, त्याचे येथे समाधान होणार नाही. तरीही दोहोंपैकी एकच तबकडी ठेवा म्हटले तर आम्ही ‘उस्फ्रेट’ ठेवू. पिंक फ्लॉइडच्या तबकडीत चार माणसे आपापल्या एकटेपणाविषयी एकत्र बोलतात. येथे माणसे एकमेकांशी बोलतात.

आता अण्णांविषयी.

फेटलिंग म्हणजे ओतकामानंतर कास्टिंगवरचे नको असलेले धातू छिन्नीने, ग्राइंडरने काढून टाकणे. फौंड्रीतल्या सर्वांत कर्कश जागांपैकी ही एक. अण्णांची तेथे तीस वर्षे झाली. त्यांचे खरे कौशल्य मात्र ग्राइंडरवर नव्हते, ते कानात होते. साफ झालेले कास्टिंग दोरीने टांगून त्यावर हातोडी मारायची आणि आवाज ऐकायचा. खणखणीत वाजले तर निर्दोष, बद्द वाजले तर आत कुठेतरी चीर. यंत्रे तपासतात त्याआधी अण्णांचा कान सांगायचा, आणि क्वचितच चुकायचा. तबल्यावर गट्ट्यांना हातोडी मारीत पुडी सुरात आणणारा माणूस बिडावर हातोडी मारून त्याचा सूर ओळखतो, यात आश्चर्य ते काय!

कारखान्यात कानात घालायचे बोळे मिळत. अण्णा ते खिशात ठेवीत. “बोळं घातलं की कास्टिंग बोलत न्हाई,” हे त्यांचे कारण. कान वाचवायचा तर कानाचे काम जाते, आणि काम करायचे तर कान जातो. या पेचाला त्यांनी तीस वर्षे एकच उत्तर दिले. १९४८च्या कारखाने कायद्याने गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश नोंद करण्याजोग्या रोगांच्या परिशिष्टात केला होता. पण हा रोग असा, की रोग्यालाच त्याचा पत्ता लागत नाही. कानाच्या आतल्या शंखात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात, त्या गोंगाटाने मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या बहुधा चार हजार हर्ट्झच्या आसपासचे ऐकणाऱ्या. बोलणे ऐकू येते, पण ‘स’ आणि ‘फ’ निसटतात. खालचे आवाज शाबूत राहतात, म्हणून माणसाला वाटते की आपण ऐकतो आहोत, लोकच पुटपुटत आहेत.

अण्णांच्या बाबतीत हे आमच्या लक्षात आले ते ‘उस्फ्रेट’मुळे. दुसऱ्यांदा ती तबकडी ऐकताना एका जागी आम्ही चौघांनी झांजेच्या एका नाजूक घसरणीवर एकदमच माना डोलावल्या. अण्णांनी आमच्याकडे पाहिले, आणि कशाला दाद दिली असे खुणेने विचारले. ती जागा आम्ही तीनदा लावली. त्यांना तेथे काहीच ऐकू आले नाही. कोल्हापुरात तपासणी झाली तेव्हा कागदावरची रेघ ठरल्याप्रमाणे उजवीकडे दरीत उतरलेली होती. “बोटांना कळतंय, कानाला न्हाई,” ते म्हणाले. तबल्याच्या चाटेवरची धार, तानपुऱ्याच्या जवारीतली झळाळी, झांजेचे विरत जाणे, हे सारे त्या दरीत पडलेले.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून ‘उस्फ्रेट’ पुन्हा मागितली. ऐकून झाल्यावर त्यांनी जे वर्णन केले ते ऐकून आम्ही गप्प झालो, कारण ते आम्ही ऐकलेल्या तबकडीचे नव्हते. त्यांना चामड्याचे ढोल ऐकू येत होते, बास ऐकू येत होता, आणि शोभाताईंचा भरदार, खालच्या पट्टीत रमणारा स्वर तर आमच्यापेक्षाही स्पष्ट, कारण त्यावर पडणारा धातूचा सगळा पाऊस त्यांच्यापुरता थांबला होता. मुलाची तबकडी त्यांच्यासाठी आईची तबकडी झाली होती. ध्वनिमिश्रण करणाऱ्याने पट्ट्या सरकवाव्यात तसे त्यांच्या कानांनी ते नवे मिश्रण केले होते.

येथे मोह होतो तो खाँसाहेबांचे उदाहरण देण्याचा. गळा गेला आणि त्यातून गायकी जन्मली, तसेच कान गेला आणि त्यातून नवे ऐकणे जन्मले, असे लिहिले की निबंध गोड शेवटाला लागतो. आमच्यातल्या एकाने हे अण्णांना बोलूनही दाखवले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “खाँसाहेबांचा गळा परत आला, बाबा. जाड येऊ दे, पर आला. माझं गेलेलं येणार न्हाई.” हा फरक झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हानी ती हानीच. तिच्यातून कुणी काही घडवले तर ते श्रेय त्या माणसाचे, हानीचे नव्हे.

त्यांनी घडवले ते असे. त्यांच्या हाताखाली एक तरुण मुलगा आहे, कानाचा तयार. अण्णांनी त्याला सांगितले, ग्राइंडर चालू असेपर्यंत बोळे कानातून काढायचे नाहीत. ठोकून पाहायची कास्टिंग्ज बाजूला रचून ठेवायची आणि जेवणाच्या सुटीत, ग्राइंडर थांबले की, बोळे काढून एकेक वाजवायचे. रोज दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न. तीस वर्षांत ही साधी तोड कुणाला सुचली नव्हती. ती कुठल्या कागदावर लिहिलेली नाही, आणि मालाची निकड असली की मोडतेही. पण त्या मुलाचा कान आज शाबूत आहे.

आणि मग तो अवघडपणाचा प्रश्न. विषम मात्रा, गाठ मारलेले राग, बादलीत बुडवलेली झांज हे कशासाठी? आमचे उत्तर आता असे आहे, की चांगल्या संगीतात अवघडपणा हा एकमेकांकडे लक्ष देण्याचा करार असतो. चार मात्रांत वाजवताना शेजाऱ्याकडे दुर्लक्ष केले तरी निभते. सात मात्रांत ते निभत नाही. प्रत्येकाला दुसरा कुठे आहे हे सतत ऐकत राहावे लागते, आणि तेव्हा कुठे सगळे मिळून समेवर येतात. ज्या तबकडीत हे ऐकणे ऐकू येते ती टिकते. ज्यात नुसती मोजणी ऐकू येते ती कसरत होते, आणि तिच्यावरचा आरोप आम्ही बिनशर्त मान्य करतो.

तबकडी लावायच्या आमच्या पद्धतीत अलीकडे दोन बदल झाले आहेत. आवाज पूर्वीपेक्षा बराच कमी ठेवतो. हा अण्णांचा हुकूम. दुसरे असे, की आमच्यापैकी एक जण अण्णांच्या समोर बसतो, आणि जेथे जेथे झांज वाजते तेथे हात हलकेच बाहेर फिरवतो, तालात खाली दाखवतात तसा. अण्णा डोळे त्या हातावर ठेवून ऐकतात. खालीची मात्रा म्हणजे रिकामी मात्रा नव्हे, ती वाजत नसली तरी मोजावीच लागते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेले. परवा हा हातवारा पाहून कुणीतरी चुकचुकले, तेव्हा त्यांनी त्याला गप्प केले. “त्यात काय एवढं? रूपकात तर समेवरच खाली असती.”